‘मी बरा होईन ना?’

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशा रुग्णांच्या वेदना कमी करून त्यांची शुश्रूषा करणारी संस्था म्हणजे हॉस्पिस. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन उभे राहिले. सॉन्डर्सबाई आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. म्हणूनच की काय, वेदना शरीराप्रमाणे मनाची, घरची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. शरीराचे दुखणे औषधाने कमी होते. बाकीच्यांसाठी बोलावे लागते.

आपल्याला वाटते, माया असली की शब्द आपोआप सुचतात. तसे होत नाही. रुग्ण विचारतो, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ सिस्टर म्हणते, ‘असं काय बोलता काका? जेवलात का?’ यात दुष्टपणा नाही, भीती आहे. मँचेस्टरचे मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांनी या टाळाटाळीचा बारकाईने अभ्यास केला. घाईने धीर देणे, विषय बदलणे, मनाचे सोडून शरीराचेच विचारणे, या त्यातल्या नेहमीच्या वाटा. रुग्ण रडू लागला तर पुढे काय करायचे, हे कर्मचाऱ्याला ठाऊक नसते.

म्हणून प्रशिक्षणात प्रसंग करून पाहतात. एक जण रुग्ण होतो, दुसरा परिचारिका. बोलणे अडले की थांबून तीच जागा वेगळ्या शब्दांत पुन्हा घेतात. हे नाटक हसण्यावारी नेऊ नये. अंथरुणावर पडून ज्याने तो प्रश्न विचारून पाहिला, त्याला ‘जेवलात का?’ किती लागते ते कळते. वॉल्टर बेली, रॉबर्ट बकमन व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धतही शिकवली जाते. तिचे मर्म असे, की सांगण्याआधी विचारावे : आजाराविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे, आणि किती जाणून घ्यायचे आहे? मग थोडे सांगून गप्प बसावे. हे गप्प बसणेच, माझ्या मते, सर्वांत अवघड.

आपल्या घरांतला पेच मात्र वेगळा. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो, ‘दादांना काही सांगू नका, ते खचतील.’ न शिकलेला माणूस एकतर मान डोलावतो, नाहीतर वाद घालतो. शिकलेला आधी विचारतो, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ ही मागणी मायेपोटी आहे, हे तो मान्य करतो. लपवताना तुमचे काय हाल होतात, हेही विचारतो. मग, आपण होऊन काही सांगणार नाही असे वचन देऊन, दादांना काय ठाऊक आहे एवढे विचारण्याची परवानगी घेतो. पुष्कळदा दादांना सारे कळलेले असते. मुलगा खचू नये म्हणून तेच गप्प असतात!

असे प्रश्न डॉक्टरांनाच विचारले जातात असेही नाही. रात्री चादर बदलणाऱ्या मावशींनाही ते विचारले जातात. म्हणून मँचेस्टरला २००६ च्या सुमारास तयार झालेली तीन तासांची कार्यशाळा सर्व थरांतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. सल्ला देण्याआधी रुग्णाला आणखी काही सांगायचे आहे का, त्याला आधार कोणाचा आहे आणि कशाने बरे वाटेल, हे त्यालाच विचारायला तिथे शिकवतात. मावशींना उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. चादर बाजूला ठेवून, स्टुलावर बसून त्या एवढेच म्हणू शकतात, ‘काका, आज हे का मनात आलं?’