खोकडाच्या मागोमाग

कोल्हा म्हटला कीं पंचतंत्रांतील लबाड प्राणी डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याच्याच कुळांतलें खोकड जपानांत मात्र इनारी या धान्यदेवतेचें दूत मानलें जातें. इनारीच्या देवळापुढें खोकडांच्या मूर्तींची जोडी असते. कोणाच्या तोंडांत भाताची लोंबी, तर कोणाच्या तोंडांत कोठाराची किल्ली.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या व्हिडिओ गेममध्यें हें दूत भेटतें. अमेरिकेंत तयार झालेला हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. १२७४ सालीं मंगोल फौजा त्सुशिमा बेटावर उतरल्या, हा इतिहास त्याचा पाया. नायक जिन साकाई मात्र कल्पित. खेळ युद्धाचा आहे, परंतु मुख्य कथेच्या बाजूला कांहीं शांत आडवाटाहि आहेत.

त्यांतील एक हायकूची. जिन एखाद्या रम्य स्थळीं बसतो. खेळणारानें सभोंवार दृष्टि फिरवून एखाद्या वस्तूवर ती स्थिर करावी, म्हणजे तिजविषयीं ओळ मिळते. अशा तीन ओळींनीं कविता पुरी होते आणि डोक्याला बांधावयाची पट्टी बक्षीस मिळते. येथें जाणकारांची हरकत रास्त आहे. १२७४ सालीं हायकू नव्हता. तेव्हांचे कवि ३१ अक्षरांची वाका रचीत. १७ अक्षरांच्या कवितेला थोरवी दिली बाशोनें (१६४४–१६९४), आणि ‘हायकू’ हें नांव रूढ केलें मासाओका शिकीनें (१८६७–१९०२). शिवाय तयार ओळींतून निवड करणें म्हणजे काव्यरचना नव्हे.

मग या खेळांत कवितेचें कांहीं उरतें काय? उरतें, पण तें खोकडाच्या वाटेवर. बेटावर खोकडांचीं ४९ बिळें आहेत. बिळाजवळ जातांच खोकड बाहेर येऊन पुढें धांवूं लागतें. मध्येंच थांबून मागें पाहतें. येथें तलवारीचा उपयोग नाहीं. गवतांतून, खडकांवरून त्याच्या मागोमाग जावयाचें, एवढेंच काम. शेवटीं आडबाजूस दडलेलें इनारीचें लहानसें देवस्थान सांपडतें. जिन तेथें वंदन करतो. कधीं खोकडाला कुरवाळतांहि येतें. पुरेशीं देवस्थानें झालीं कीं अधिक ताईत बाळगतां येतात.

तयार ओळींना जें साधत नाहीं, तें हें मुकें जनावर साधतें. आपली घाई सोडून दुसऱ्या जीवाच्या चालीनें चालावें आणि समोर आहे तें पाहावें, हाच हायकूचा डोळा. शिरीष पै यांचे मराठी हायकू ज्यांनीं वाचले आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

अर्थात् ताइतांच्या लोभानें जो ४९ बिळें उरकून टाकील, त्याला ताईतच मिळतील. घरांतील मुलगा पडद्यापुढें बसला असतां तो किती वेळ खेळतो, हें वडील माणसें विचारतातच. वाटेंत त्यानें काय पाहिलें, हेंहि एकदां विचारून पाहावें.