पट महागला, गावची जोडी मागे पडली

कापसाची वेचणी उरकत आली, तूर घरात पडली की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बोलणी सुरू होतात. दोन बैल, हलका छकडा आणि त्यावर हाकणारा एक धुरकरी, एवढाच हा खेळ. पण फॉर्म्युला वन या जगातल्या सर्वात महागड्या मोटार शर्यतीला जो प्रश्न छळत आला, तोच आज पटापुढेही उभा आहे. नियम बदलत गेले, खर्च चढत गेला. मग लहान माणसाने मैदानात उतरायचं कसं?

पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी अनेक गाड्या एकदम सुटतात. आपल्याकडच्या बऱ्याच पटांत मात्र एकेक जोडी दाणीवरून, म्हणजे धावपट्टीवरून, सोडतात आणि निकाल घड्याळ लावतं. हार-जीत सेकंदाच्या अंशावर ठरते, म्हणून छकड्याचं वजन, बैलांचा मेळ, धुरकऱ्याचा हात, सगळ्यालाच मोल येतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर विदर्भभर नावाजलेला. तिथे बायाही जोडी हाकतात.

नियमांचा प्रवास मोठा खडतर झाला. २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जलिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. अधेमधे २०२२ च्या लम्पी या गुरांच्या रोगाने पुन्हा दाणी ओस पाडल्या.

आताच्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, चित्रीकरण आणि हजार मीटरच्या आतली धाव अशा अटी आहेत. चाबूक, आर लावलेली तुतारी, विजेचा झटका यांना पूर्ण बंदी आहे. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी योग्यच आहेत, आणि त्यांत तसूभरही सूट मागू नये असं मला ठामपणे वाटतं. रक्त काढून पळवलेला बैल हा पटाचा मान नव्हता, कलंक होता.

मात्र हे सगळे नियम बैलाच्या बाजूने विचार करतात. बैलवाल्याचा विचार कुठेच नाही. कागदपत्रं, अनामत, मंडप, डॉक्टर, कॅमेरा हा भार आयोजकांवर येतो. तो पेलायला देणगीदार लागतात, देणगीदारांना गर्दी हवी, गर्दीला मोठी बक्षिसं हवीत. बक्षीस वाढलं की पळणाऱ्या बैलाची किंमत वाढते. मग लांबून, गाडीत घालून आणलेल्या जोड्या येतात. त्या औताला कधी जुंपलेल्याच नसतात. वर्षभर फक्त खुराक आणि सराव. सकाळी वखर ओढून दुपारी पटात उतरणारी जोडी त्यांच्यापुढे काय टिकणार?

आणि शेतकऱ्याच्या गोठ्याचं गणितही पार बदललंय. जिल्ह्यात सोयाबीन पसरलं, ज्वारी आक्रसली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर बैल जगतो, पण पळण्याचं बळ त्यातून येत नाही. कापसाच्या जिल्ह्यातच सरकी ढेप विकत घेताना हात आखडतो. मशागत ट्रॅक्टरने होते, म्हणून बैलजोडी ठेवायचीच कशाला, असा सवाल घरातच उठतो. त्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हातारा बैल विकण्याचा मार्ग आटला आणि त्याचा चारापाणी मालकाच्या माथी आला. गवळाऊसारखी वर्धा-नागपूरकडची हलकी, चपळ जात टिकायची तर ती लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यातच टिकेल. पाच-दहा हौशी मालकांच्या बळावर जात जगत नसते.

खर्च चढला की लहान गडी मागे पडतो, हे फॉर्म्युला वनने भोगलंय. २०१४ मध्ये तिथे जुनी इंजिनं जाऊन पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी महागडी इंजिनं आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅटरहॅम आणि मारुसिया हे छोटे संघ दिवाळखोरीच्या दारात गेले. अखेर २०२१ पासून खर्चावर मर्यादा आली: संघाला वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर, पुढे ती आणखी खाली आणली. ड्रायव्हरचा पगार आणि काही बाबी त्यातून वगळल्या, तरी मर्यादा कागदावर राहिली नाही. जगज्जेत्या ड्रायव्हरच्या रेड बुल संघाने पहिल्याच वर्षी ती ओलांडली, तेव्हा त्याला सत्तर लाख डॉलर दंड झाला आणि हवेच्या बोगद्यातल्या चाचण्यांचा वेळ दहा टक्क्यांनी कापला गेला.

बैलाच्या खुराकाचा हिशेब तपासायला कोणी येणार नाही, हे उघड आहे. पण घड्याळाइतकं सोपं काहीतरी करता येईल. छकड्याचं किमान वजन ठरवावं आणि दाणीच्या तोंडाशी काटा ठेवावा. एकूण बक्षिसातला मोठा वाटा गावच्या आणि तालुक्याच्या गटासाठी राखावा, आणि त्या गटात फक्त शेतात राबणाऱ्या जोड्या घ्याव्यात. कोणती जोडी राबते हे गावाला सांगावं लागत नाही. फॉर्म्युला वनमध्ये अव्वल संघाला चाचणीचा वेळ सर्वात कमी आणि तळच्या संघाला सर्वात जास्त मिळतो. त्याच न्यायाने गावगट जिंकलेली जोडी पुढच्या साली वरच्या गटात धाडावी, म्हणजे खालची एक जागा नव्या गोऱ्ह्यांसाठी रिकामी होईल.