व्यूहात शिरलेला कुमार : मोरोपंतांचा अभिमन्यू आणि जपानी यंत्रयोद्धा

‘आर्याभारता’तील द्रोणपर्वाचे अध्यापन करताना अभिमन्यूचे विवेचन बहुधा ‘वीरमरण पत्करणारा आदर्श कुमार’ या वाक्याशी येऊन थांबते. या कुमाराला रणात कोणी पाठविले आणि कोणत्या तयारीनिशी पाठविले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी ॲनिमे मालिकेतील किशोर नायकाच्या साहाय्याने विचारात घ्यावयाचा आहे. या दोन कृतींत प्रभावाचे नाते नाही. साधर्म्याच्या प्रकाशात भेद पाहावा, एवढाच हेतू आहे.

मोरोपंत पराडकर (१७२९-१७९४) हे जन्माने पन्हाळ्याचे. पण त्यांची काव्यनिर्मिती बहरली ती बारामतीत, बाबूराव नाईक यांच्या आश्रयाने. पुराण सांगणे ही त्यांची वृत्ती होती. व्यासांचे कथानक त्यांनी आर्यावृत्तात, त्यातही मुख्यत्वे प्रत्येक अर्धात तीस मात्रा असलेल्या गीतीत आणले. त्यांच्यासमोरचा श्रोता युद्धापासून दूर नव्हता. १७६१ च्या पानिपतावर जेमतेम अठरा वर्षांचा विश्वासराव पडला होता. शेजारच्या इंदापुरात मालोजीराजे लढाईत पडले आणि मागे बालवयातील शहाजी उरले, अशी परंपरा आहे. मोरोपंतांचा अभिमन्यू हे विश्वासरावाचे रूपक आहे, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु कोवळ्या वयाचा मृत्यू त्या श्रोत्यांच्या अनुभवाबाहेरचा नव्हता, एवढे निश्चित.

योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘गंडम’ ही मालिका १९७९-८० मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. तत्पूर्वी १९७२ च्या ‘माझिंगर झेड’सारख्या मालिकांतून प्रचंड यंत्रमानव चालविणारा धाडसी युवक रूढ झाला होता. तोमिनो यांनी हा साचा स्वीकारला आणि त्याला युद्धाचे वास्तव जोडले. खेळणी बनविणाऱ्या कंपनीच्या आश्रयावर चाललेली ही मालिका अल्प प्रतिसादामुळे ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. पुढे पुनःप्रक्षेपणातून आणि १९८१-८२ च्या चित्रपटांतून ती लोकप्रिय झाली. तिचा नायक आमुरो रे हा पंधरा वर्षांचा नागरी मुलगा आहे. वस्तीवर हल्ला होताच तो सुमारे अठरा मीटर उंचीच्या यंत्रात चढतो आणि हाती लागलेली माहितीपुस्तिका वाचत ते चालवू लागतो.

येथे पहिले साधर्म्य दिसते. दोन्ही कुमारांचे सामर्थ्य पित्याकडून आलेले आणि अपुरे आहे. व्यासभारतातील अभिमन्यू स्वतःच सांगतो की, व्यूह फोडणे पित्याने शिकविले आहे, संकटात बाहेर पडणे आपणास जमणार नाही. गर्भावस्थेतील अर्धवट श्रवणाची कथा लोकपरंपरेत अधिक प्रिय झाली. तिच्यामुळे या अपुरेपणाचा दोष निद्रेवर, म्हणजे दैवावर जातो. मूळ वचन मात्र तो शिकविणाऱ्याकडे आणि पाठविणाऱ्याकडे नेते. आमुरोचे यंत्रही त्याच्या पित्याच्या प्रकल्पातून घडले आहे. पुढे तोच भ्रमिष्ट झालेला पिता त्याला एक कालबाह्य सुटा भाग मोठ्या अभिमानाने देतो आणि मुलगा तो फेकून देतो.

दुसरे साधर्म्य वडीलधाऱ्यांचे. संशप्तकांनी अर्जुनाला दूर गुंतविले असताना युधिष्ठिर अभिमन्यूवर भार टाकतो. ‘तू वाट कर, आम्ही मागून येतो’ हे त्याचे आश्वासन असते. जयद्रथ ती वाट अडवितो आणि आश्वासन फोल ठरते. आमुरोला लढावयास लावणारा ब्राइट हा नौकाधिपती स्वतः अवघा एकोणीस वर्षांचा आहे. आमुरो नकार देतो, तेव्हा तो त्याला थप्पड मारतो. आमुरो पुढे यंत्रासह पळूनही जातो. भेद नेमका येथे आहे: अभिमन्यूपाशी नकाराची भाषा नाही. क्षात्रधर्माच्या चौकटीत त्याची शंका क्षणभर उच्चारली जाते आणि लगेच उत्साहात विरते.

तिसरा मुद्दा मातेचा. सुभद्रा पडलेल्या पुत्रासाठी विलाप करते. आमुरोची आई जिवंत पुत्रासमोर उभी आहे. त्याने सैनिकावर गोळी झाडलेली पाहून ती हादरते. एकीचा पुत्र मृत्यूने नेला, दुसरीचा युद्धाने बदलला. शेवटी आमुरो यंत्र टाकून सहकाऱ्यांकडे परततो. अभिमन्यूचा रथ मोडतो, तेव्हा तो रथाचे चाक हाती घेतो. वाहन गेले तरी त्याला परतीचा मार्ग नाही.

या तुलनेने अभिमन्यूचे शौर्य उणे होत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने सहा महारथींना थोपविले, हे कथेत आहेच. पण युधिष्ठिराचा पश्चात्तापही त्याच कथेत आहे, आणि तो शिकविताना गाळला जातो. ‘आदर्श वीर’ हे उत्तर विद्यार्थ्याकडून पाठ करून घेणारा अध्यापक त्याला व्यूहात शिरावयास शिकवितो, बाहेर पडावयास नाही. म्हणून द्रोणपर्व शिकविताना कुमाराच्या पराक्रमाबरोबरच वडिलांच्या जबाबदारीचाही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, असे वाटते.