गहाण चादरी आणि एक सायकल

‘बायसिकल थीव्ज’साठी (१९४८) हॉलिवूडचे निर्माते डेव्हिड सेल्झनिक पैसा ओतायला तयार होते, अट एकच, नायक कॅरी ग्रँट हवा. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकांनी साफ नकार दिला आणि कारखान्यातला कामगार लाम्बेर्तो माज्जोरानी निवडला.

चित्रपटात गहाण पडलेली सायकल सोडवायला नायकाची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणखान्यातला माणूस ते गाठोडं घेऊन छताला भिडलेल्या फळ्यांवर चढतो. वर आधीच गाठोड्यांची थप्पी! युद्धानंतरच्या रोमची गरिबी सांगायला एवढं दृश्य पुरेसं आहे.

दे सिका स्वतः मात्र देखणे, लोकप्रिय नट. त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) तिकीटबारीवर आपटला, तरी तोच त्यांचा सर्वांत निर्भीड चित्रपट.

त्याच वर्षी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘बायसिकल थीव्ज’ झळकला. त्याच्याच प्रभावातून १९५३ मध्ये बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला.