फेल्ट हॅट आणि डोक्याचं माप

नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात. तिथे कुणाला ‘श्री ४२०’ (१९५५) मधल्या राज कपूरसारखी किंवा इंडियाना जोन्ससारखी हॅट हवी असेल, तर एक गैरसमज आड येतो: हॅट सैल असेल तर गरम पाण्यात बुडवावी, घट्ट असेल तर ओढावी.

फेल्ट (नमदा) विणलेलं कापड नसतं. ओलावा, उष्णता आणि दाब यांनी लोकरीचे किंवा सशाच्या केसांचे तंतू एकमेकांत गुंतवून ते बनवतात. त्याचं वागणं भाजलेल्या पापडासारखं: गरम असताना वळवावा, गार झाल्यावर तोच आकार राहतो.

म्हणून हॅटला वाफ द्यायची. कापड मऊ झालं की ती कलबुतावर (लाकडी साच्यावर) चढवून माथ्याची खाच बोटांनी पाडायची आणि पूर्ण वाळू द्यायची. वाफेने हॅट किंचित सैलावते, फार नाही. पाण्यात बुडवलेली लोकरीची हॅट मात्र वाटेल तशी आटते, कडाही वेडीवाकडी होते. सैल हॅटसाठी खरा उपाय अगदी साधा: आतल्या घामपट्टीमागे (कपाळाला टेकणारी पट्टी) फोमची पातळ पट्टी सरकवायची. फॅन्सी ड्रेसच्या दुकानातल्या पॉलिस्टरच्या हॅटवर इतकी मेहनत घेऊ नये. ती जास्त उष्णतेने वितळू शकते.