रक्तदाबाचा लगाम मेंदूच्या हाती

"डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी का घ्यायची?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वरचेवर विचारला जातो. राहात्याच्या पेरूबागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाला तो पडणे स्वाभाविक आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा बोलत नाही. त्याची खबर ठेवतो तो मेंदू.

मानेतील व छातीतील मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींवरील ताण क्षणाक्षणाला लंबमज्जेला, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागाला, कळविला जातो. तेथून निघालेला आदेश चेतातंतूंवाटे हृदय व रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. या तंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलिन हे चेतापारेषक द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले असते. ते बाहेर पडले की रोहिण्या आकसतात व दाब चढतो.

ते किती सुटावे, यावर आणखी काही द्रव्यांचा अंमल चालतो. ती न्यूरोपेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. त्यांपैकी 'न्यूरोपेप्टाइड वाय' हे टाटेमोटो व मुट यांनी १९८२ साली स्वीडनमध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. ते नॉरअॅड्रेनॅलिनबरोबरच बाहेर पडते, रोहिणी आकसण्यास हातभार लावते आणि त्याच वेळी मागे वळून त्याच तंतूला 'आता पुरे' असे बजावते. अँजिओटेन्सिन मात्र उलट नॉरअॅड्रेनॅलिनचा स्राव वाढविते. शिवाय ते मेंदूतून तहान जागवते व दाबही चढविते. रक्तदाबावरील आजची कित्येक औषधे या अँजिओटेन्सिनलाच आवर घालतात.

या साठ्याला हात घालणारे औषध आपल्याच मातीत उगवते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यातील रेसर्पिन चेतातंतूंच्या पिशव्याच रित्या करते, हे पुढे उमगले. पण मेंदूतील पिशव्याही त्याच वाटेने रित्या होतात. काही रुग्णांत खिन्नता आढळली आणि औषध मागे पडले. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे समजणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

क्लोनिडिन हे दुसरे औषध लंबमज्जेतूनच आदेश सौम्य करते. ते एकाएकी बंद केल्यास दबलेला स्राव उसळतो व रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. म्हणून आमची नातेवाइकांना विनंती आहे की, रुग्णाला बरे वाटू लागले तरी गोळी परस्पर थांबवू नये. तपासणीस येताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. रिकामी असली तरी चालतील.