वस्तीतले जुने पंपघर

आषाढातील एखाद्या रात्री पावसाचा जोर वाढला, की सखल भागातील घरांतून धान्याचे डबे माळ्यावर चढू लागतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी घर कोरडे राहील की नाही, हे पुष्कळदा वस्तीच्या कडेला उभ्या असलेल्या एका इमारतीवर अवलंबून असते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ती इमारत म्हणजे पावसाचे पाणी उपसून टाकणारे पंपघर. ते जुने झाले तर काय करावे? नवे बसवावे, असे आपण चटकन म्हणू. परंतु हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

मिसिसिपी नदी आणि पॉन्चरट्रेन सरोवर यांच्यामध्ये हे शहर एखाद्या परातीसारखे वसले आहे. त्याचा सुमारे निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पडलेल्या पावसाला आपोआप वाहून जाण्यास वाट नाही. तो यंत्राने उपसून बाहेर टाकावा लागतो. येथील जलमंडळातील अभियंते बाल्डविन वुड यांनी १९१३ मध्ये यासाठी एक नवा पंप योजला. आडव्या अजस्र नळात फिरणारे त्याचे पाते पाणी फार उंच चढवीत नाही, पण प्रचंड प्रमाणात पुढे ढकलते. सुरुवातीच्या मोठ्या पंपांचा व्यास १२ फूट होता. १९२९ मध्ये तो १४ फुटांवर गेला. ब्रॉडमूर ही मूळची पाणथळ जागा आज घरांनी भरलेली आहे, ती अशा पंपांच्या बळावर. वुड यांचे काही पंप शंभरी गाठूनही काम देत आले आहेत.

मग म्हातारे झाले ते काय? पंपांना लागणारी वीज! यांतील कित्येक पंप सेकंदाला २५ आवर्तनांच्या विजेवर चालतात. बाहेरून मिळणारी वीज ६० आवर्तनांची असते. त्यामुळे मंडळाला स्वतःचे जुने वीजघर सांभाळावे लागले. तेथील टर्बाइन बिघडले, की दणकट पंपही निमूट उभा राहतो.

५ ऑगस्ट २०१७ रोजी याची प्रचीती आली. पहिल्या तासाला एक इंच आणि पुढे दर तासाला अर्धा इंच पाऊस उपसण्याची या यंत्रणेची शक्ती मानली जाते. त्या दिवशी काही भागांत अवघ्या काही तासांत नऊ इंचांपर्यंत पाऊस कोसळला. पाणी घरांत आणि दुकानांत शिरले. सर्व पंप पूर्ण शक्तीने चालू होते, असे प्रारंभी सांगण्यात आले. पुढे उघड झाले, की डझनाहून अधिक पंप बंद होते आणि विजेचाही तुटवडा होता. थोड्याच दिवसांत एका टर्बाइनला आग लागली. पाणी ओसरले, पण उडालेला विश्वास तितक्या लवकर परतला नाही.

जुन्या घराचे आढे बदलताना छप्पर टेकूंवर तोलून धरावे लागते. पंपघराचेही तसेच आहे. नवी व्यवस्था शेजारी उभी राहून कसोटीस उतरेपर्यंत जुनी मोडता येत नाही. आणि जून ते नोव्हेंबर हे तर तेथील वादळांचे दिवस! म्हणून बाहेरची वीज घेऊन ती जुन्या पंपांना मानवेल अशी करून देणारे नवे केंद्र उभारण्याचे काम शहराने हाती घेतले.

तरीही, नाल्यातून पाणी पंपापर्यंत पोहोचलेच नाही, तर पंप काय उपसणार? पुरानंतर गटारांची सफाई झाली, तेव्हा एकाच रस्त्याच्या अवघ्या पाच चौकांतून ९३,००० पौंड, म्हणजे सुमारे ४२ टन, मण्यांच्या माळा निघाल्या. मार्दी ग्रा उत्सवात मोठ्या हौसेने उधळलेल्या त्या माळा!

हे दूरचे म्हणून आपण सोडून देऊ नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या वर्षांत हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह इत्यादी ठिकाणी पंपघरे उभी राहिली. भरतीच्या वेळी शहरातील पाणी समुद्रात लोटणे हे त्यांचे काम. आज ती नवी आहेत; एक दिवस तीही जुनी होतील.

वाचकहो, आपल्या वस्तीत पंपघर असेल, तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारा. किती पंप खरोखर चालू आहेत? वीज गेल्यास पर्यायी सोय कोणती? नाला शेवटचा केव्हा साफ झाला? आणि चौथा प्रश्न स्वतःच्या घरात विचारा: त्या नाल्यात आपण काय टाकतो?